पण त्यात मेंढ्यांचं भलं काय?

१९६६ साली सोल वर्थ आणि जॉन अडेर हे दोन अमेरिकी संशोधक ॲरिझोनातल्या पाइन स्प्रिंग्ज या वस्तीवर गेले. वस्ती नावाहो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची, मेंढरं पाळणाऱ्यांची आणि विणकरांची. नावाहोंवर बाहेरच्यांनी आजवर पुष्कळ फिल्म काढल्या होत्या. आता कॅमेरा त्यांच्याच हातात दिला तर ते काय टिपतील, हे दोघांना बघायचं होतं. त्यासाठी वस्तीतल्या एका जाणत्या म्हाताऱ्याचा होकार हवा होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फिल्म केल्याने मेंढ्यांना काही इजा होईल का?" वर्थ म्हणाला, छे, मुळीच नाही. "मग मेंढ्यांचं काही भलं होईल का?" तसंही काही नाही, वर्थने कबूल केलं. "मग फिल्म करायचीच कशाला?"

माहितीपटांवर ढीगभर लिहिलं गेलंय, पण याहून नेमका प्रश्न माझ्या वाचनात आलेला नाही.

चित्रपट महोत्सवांच्या पत्रकांत संस्कृती, अस्मिता आणि प्रतिकार हे तीन शब्द नेहमी एका माळेत ओवलेले असतात. वाचून वाटतं, काहीतरी जड प्रकरण असणार. गोष्ट तशी साधी आहे. एखादा समाज कोणती भाषा बोलतो, काय खातो, आपल्या मेलेल्यांना कुठे पुरतो, ही त्याची संस्कृती. 'तुम्ही कोण?' या प्रश्नाला तो स्वतः जे उत्तर देतो, ती अस्मिता. आणि त्याच्या वतीने भलताच कुणी परस्पर उत्तर द्यायला लागला की तो आडवा उभा राहतो, तो प्रतिकार. माहितीपट या तिन्हींत इतका गुंतलेला आहे, कारण दुसऱ्याच्या वतीने परस्पर उत्तर द्यायला कॅमेऱ्याइतकं सोयीचं यंत्र दुसरं नाही. सुरुवातीची कित्येक दशकं तो जवळपास एकाच बाजूला उभा होता. मग त्याने बाजू बदलली, आणि ती एका दिवसात बदलली नाही.

अर्धा इग्लू

आधी एक गैरसमज बाजूला करू. माहितीपट म्हणजे समोर घडलं ते जसंच्या तसं, असं आपण धरून चालतो. अगदी सुरुवातीच्या चित्रफितींपैकी एक १८९५ सालची, ल्युमिएर बंधूंची. त्यांच्या ल्यों इथल्या कारखान्यातून कामगार सुटून बाहेर पडताहेत, एवढंच तिच्यात आहे. पण या फितीच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. म्हणजे कॅमेऱ्यासाठी कारखाना तीनदा सुटला! जॉन ग्रिअरसन या स्कॉटिश माणसाने १९२६ मध्ये एका परीक्षणात 'डॉक्युमेंटरी' हा शब्द या अर्थाने वापरला आणि तो रुळला. त्याचीच पुढे प्रसिद्ध झालेली व्याख्या 'वास्तवाची सर्जनशील हाताळणी' अशी आहे. हाताळणी हा शब्द लक्षात ठेवा. वास्तवाला कुणाचा तरी हात लागलेलाच असतो.

तो हात सगळ्यात ठळक दिसतो 'नानूक ऑफ द नॉर्थ' या १९२२ च्या मूकपटात. रॉबर्ट फ्लाहर्टीने कॅनडाच्या हडसन उपसागराकाठी, इनुकजुआक परिसरात, तो चित्रित केला. खर्च रेव्हियों फ्रेर या फरचा व्यापार करणाऱ्या फ्रेंच कंपनीचा. बर्फात तगून राहणाऱ्या एका इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, कुटुंबाची ही कहाणी जगभर गाजली. पण नायकाचं नाव नानूक नव्हतंच, अलाकारियालाक होतं. पडद्यावरची बायको त्याची बायको नव्हती. खऱ्या इग्लूत ना कॅमेरा मावत होता ना उजेड पुरत होता, म्हणून मोठा इग्लू बांधून त्याची एक बाजू कापून टाकली, आणि ते कुटुंब अर्ध्या उघड्या घरात, कडाक्याच्या थंडीत, झोपण्याचं नाटक करत राहिलं. एका प्रसंगात नानूक ग्रामोफोनची तबकडी नवलाने चावून बघतो. अलाकारियालाकला ग्रामोफोन चांगला माहीत होता. शिकारीला तिथले लोक बंदुका वापरायला लागले होते; फ्लाहर्टीने त्यांच्या हाती भाले दिले.

मग ही लबाडी झाली का? कापलेल्या इग्लूचं मला फारसं वावगं वाटत नाही. उजेडच नसेल तर चित्र कसलं येणार! शिवाय फ्लाहर्टी काढलेली फिल्म तिथेच धुऊन त्या लोकांना दाखवायचा, पुढचे प्रसंग त्यांच्याशी बोलून ठरवायचा, आणि बिघडलेला कॅमेरा तेच दुरुस्त करायचे. त्यांना हा खेळ कळत होता. खटकते ती लपवलेली बंदूक. बंदूक काढून घेतली की त्या माणसांचं 'आज' काढून घेतलं जातं. ज्या लोकांनी बिघडलेला कॅमेरा दुरुस्त केला त्यांच्यातलाच माणूस पडद्यावर तबकडी चावताना दिसतो, आणि दूरदेशीच्या थिएटरात बसलेल्याला वाटतं, काय निरागस, काळाच्या मागे राहिलेले लोक आहेत!

अशा समजुती पडद्यावरच राहत नाहीत. चित्रीकरणाच्या त्या दिवसांत एका इनुइट स्त्रीपासून फ्लाहर्टीला मुलगा झाला. बाप त्याला कधी भेटला नाही. १९५५ मध्ये कॅनडा सरकारने ज्या इनुइट कुटुंबांना घरापासून सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला, ग्रीस फियोर्डच्या ओसाड किनाऱ्यावर नेऊन ठेवलं, त्यांत हा मुलगाही होता. तिथे ते शिकारीवर पूर्वीसारखे छान जगतील, असा सरकारी हिशेब होता. या स्थलांतराची माफी सरकारने मागितली ती २०१० साली. या हिशेबात 'नानूक'चा वाटा किती, हे मोजायची सोय नाही. पण इनुइट म्हणजे बर्फात कुठेही सोडा, भाल्यावर निभावून नेणारा माणूस, हे चित्र जगाच्या मनावर कुणी कोरलं, ते आपल्याला ठाऊक आहे.

ओठ एकाचे, आवाज दुसऱ्याचा

१९६० च्या आसपासपर्यंत चित्रीकरणाच्या जागीच बोलणं टिपणं हे जिकिरीचं काम होतं. यंत्रं अवजड, आवाजाची सोय वेगळी. त्यामुळे दूरदेशीच्या लोकांवरच्या फिल्ममध्ये एक ठरलेला प्रकार असायचा: पडद्यावरची माणसं ओठ हलवतात, हसतात, भांडतात, आणि वरून एक भारदस्त पुरुषी आवाज आपल्याला सांगतो की हे लोक अमुक सण साजरा करत आहेत. त्या माणसांना काय वाटतं, याचा तिथे संबंधच नाही. वाटतं ते निवेदकाला.

मग खांद्यावर घेता येणारे कॅमेरे आले, सोबत नाग्रासारखं उचलून नेता येणारं ध्वनिमुद्रण यंत्र आलं, आणि चित्र व आवाज एकाच वेळी टिपता येऊ लागले. ही नुसती तांत्रिक सुधारणा वाटते. पण निवेदकाची खुर्ची डळमळली ती इथे. तरीही दूरच्या टोळ्यांचं बोलणं भाषांतर करून पडद्याखाली अक्षरांत दाखवावं, हे सुचायला आणखी वेळ गेला. डेव्हिड आणि ज्युडिथ मॅकडुगल यांनी युगांडातल्या ज्ये या गुराखी लोकांवरच्या १९७२ च्या फिल्ममध्ये ते केलं, तेव्हा ती नवलाई होती. आज आपण सबटायटलांकडे किरकिरत बघतो. खरं तर ती ओळ म्हणजे 'हा माणूस स्वतः बोलतोय, मध्ये कुणी नाही' याची पावती आहे. म्हणून मूळ आवाज दाबून वर डबिंग केलेला माहितीपट मला बघवत नाही.

या मधल्या काळात ज्याची सगळ्यात जास्त ओढाताण झाली तो माणूस म्हणजे झाँ रूश. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ, पश्चिम आफ्रिकेवर जीव असलेला. १९५४ मध्ये त्याने तेव्हाच्या गोल्ड कोस्टमधल्या, म्हणजे आजच्या घानातल्या, आक्रा शहराजवळ हौका पंथाचा विधी चित्रित केला. नायजरहून पोटासाठी आलेले मजूर, त्यांच्या अंगात येतं. पण अंगात येणारे कोण, तर गोरा गव्हर्नर, सैनिकी अधिकारी, आगगाडीचा चालक. तोंडाला फेस, तालात संचलन, साहेबी हुकूम. रूशला त्यात साहेबाची थट्टा आणि साहेबाच्या भीतीवरचा उतारा दिसला. ब्रिटिशांना आपला अपमान दिसला, त्यांनी फिल्मवर बंदी घातली. आणि पॅरिसमधल्या आफ्रिकी प्रेक्षकांना दिसलं की आपल्या माणसांना परत एकदा रानटी ठरवलं गेलंय. फिल्म नष्ट करा, अशी मागणी झाली, आणि ती करणाऱ्यांत रूशचे गुरूही होते. एकच चित्र, तीन प्रेक्षक, तीन अर्थ. प्रतिकाराचं चित्रण बघणाऱ्याला प्रतिकारासारखं दिसेलच, याची हमी कुणी देऊ शकत नाही.

१९६५ मध्ये सेनेगलचा लेखक-दिग्दर्शक उस्मान सेम्बेन रूशच्या तोंडावर म्हणाला, तुम्ही लोक आमच्याकडे किड्यांकडे बघावं तसं बघता. रूशच्या बाजूने एवढं म्हणायला हवं की त्याने हा प्रश्न कधी झटकला नाही. त्याआधीच, १९६१ च्या 'क्रॉनिकल ऑफ अ समर'मध्ये, त्याने समाजशास्त्रज्ञ एडगर मोरँबरोबर कॅमेरा उलटा, पॅरिसवर, फिरवला होता. रस्त्यावर लोकांना विचारायचं, 'तुम्ही सुखी आहात का?' शेवटी ज्यांना चित्रित केलं त्यांनाच फिल्म दाखवली, आणि त्यांची भांडणंही फिल्ममध्ये घेतली. कुणी म्हणालं हे खोटं वाटतं, कुणी म्हणालं फारच उघडं झालं.

व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या त्रिन्ह मिन्ह-हा यांनी सेनेगलमध्ये केलेल्या १९८२ च्या फिल्ममध्ये आणखी पुढे जाऊन सांगितलं की मला यांच्याविषयी बोलायचं नाही, फक्त जवळ बसून बोलायचं आहे. हे वाक्य ऐकायला सुरेख आहे, आचरायला अवघड. पाहुणा जवळ बसला तरी संध्याकाळी त्याच्या घरी जातोच.

कुंपणाच्या आतला कॅमेरा

मग पाइन स्प्रिंग्जमध्ये काय झालं? म्हाताऱ्याने मोडता घातला नाही, कॅमेरे दिले गेले. एका तरुण विणकर बाईने नावाहो विणकामावर फिल्म केली. बाहेरचा दिग्दर्शक असता तर त्याने माग, बोटं आणि नक्षी दाखवली असती. हिच्या फिल्ममध्ये मागावरचं काम थोडंच आहे. बाकी वेळ माणसं चालत आहेत. मेंढ्यांमागे, रंगाची झाडंमुळं शोधत. मग लोकर कातरणं, धुणं, पिंजणं. संशोधकांना आधी वाटलं, संकलनाची समज कमी पडली असावी. मग ध्यानात आलं की नावाहो गोष्टींतही चालणं हा दोन घटनांमधला रिकामा वेळ मानत नाहीत, चालणं हीच घटना असते. आपण ज्याला 'कंटाळवाणा भाग' म्हणून कापतो, तिथे त्या बाईची संस्कृती होती. म्हणजे परकेपण विषयातच असतं असं नाही, ते कात्रीतही असतं.

मेंढ्यांचं खरोखर भलं झालं, असंही एक उदाहरण आहे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळ फोगो नावाचं मच्छीमारांचं बेट आहे. १९६० च्या दशकात लोकांना बेटावरून हलवायचा सरकारी घाट होता. १९६७ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळातर्फे दिग्दर्शक कॉलिन लो तिथे गेला. एक मोठी फिल्म करायच्या ऐवजी त्याने सत्तावीसच्या आसपास छोट्या फिल्म केल्या. ज्याचं बोलणं टिपलं त्याला आधी दाखवायचं, त्याने हो म्हटलं तर पुढे. मग त्या बेटावरच्या वेगवेगळ्या गावांत दाखवल्या. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की आपण ज्यांच्याशी बोलतही नाही त्यांचं रडगाणं आपल्यासारखंच आहे. पुढे त्या फिल्म मंत्र्यांना दाखवल्या, आणि मंत्र्यांचं उत्तरही चित्रित करून बेटावर आणलं. मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली, माणसं बेटावरच राहिली. श्रेय फक्त कॅमेऱ्याचं नाही, लोक आधीपासून धडपडत होतेच. पण इथे फिल्म पत्रासारखी वापरली गेली, आणि पत्राला उत्तर आलं. कलेच्या दृष्टीने म्हणाल तर या फिल्म साध्याच आहेत. तिथे कलेची फिकीर कुणाला होती?

याच मंडळात काम करणाऱ्या दिग्दर्शिका अलानिस ओबोमसाविन या अबेनाकी नावाच्या मूळ रहिवासी जमातीच्या. १९९० च्या उन्हाळ्यात क्वेबेकमधल्या ओका गावाने गोल्फचं मैदान वाढवायचं ठरवलं, तेही मोहॉक या मूळ रहिवासी लोकांच्या पाइन वृक्षांच्या राईत, त्यांच्या दफनभूमीला लागून. मोहॉकांनी रस्ता अडवला. पोलीस आले, गोळीबारात एक पोलीस मेला, मग लष्कर आलं. ७८ दिवस वेढा चालला. टीव्हीचे बहुतेक कॅमेरे लष्कराच्या बाजूला होते, त्यामुळे घराघरांत जे पोचलं ते तोंडाला फडकी बांधलेल्या सशस्त्र लोकांचं दृश्य. ओबोमसाविन आत होत्या, काटेरी तारांच्या पलीकडे. त्यांच्या कॅमेऱ्याला त्याच तारांच्या आतून सैनिकांच्या पोरसवदा, गोंधळलेल्या चेहऱ्यांच्या रांगा दिसतात.

१९९३ मध्ये त्यांची फिल्म आली: 'कानेसाताके: २७० वर्षांचा प्रतिकार'. नाव पुन्हा वाचा. बातम्यांनी मोजले ७८ दिवस, त्यांनी मोजली २७० वर्षं. अठराव्या शतकात ती जमीन परस्पर एका ख्रिस्ती संघाच्या नावावर केली गेली, तिथून त्या गोष्ट सुरू करतात. बातमी आणि माहितीपट यांतला फरक मला कुणी विचारला तर मी हे नाव सांगतो. भांडण कुठून मोजायला सुरुवात केली, यावर कोण दंगेखोर आणि कोण घरमालक हे ठरतं. गोल्फचं ते वाढीव मैदान कधी झालं नाही.

असंच न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या बॅस्टियन पॉइंटवर. न्गाती व्हातुआ या माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, लोकांनी आपल्या जमिनीवर ५०६ दिवस ठिय्या दिला. ५०७व्या दिवशी, २५ मे १९७८ ला, पोलीस आणि लष्कराने २२२ जणांना उचललं. माओरी दिग्दर्शिका मेराटा मिता तिथे होती, आणि फिल्मचं नावही 'डे ५०७'. पुढे १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाच्या दौऱ्याविरुद्ध न्यूझीलंडभर निदर्शनं झाली, तीही तिने टिपली. तेव्हा एक नवंच संकट समोर आलं. ज्या चित्रात लढणारे दिसतात, त्याच चित्रावरून त्यांना ओळखून पकडताही येतं. पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून तिला ती रिळं दडवून ठेवावी लागली. मेंढ्यांना इजा होईल का, या म्हाताऱ्याच्या पहिल्या प्रश्नाला वर्थने झटकन 'नाही' म्हटलं होतं. इतकं झटकन म्हणायला नको होतं.

रिळं लपवण्याची विद्या

लॅटिन अमेरिकेत ही भीती रोजची होती. अर्जेंटिनात लष्करी राजवटीत फर्नांडो सोलानास आणि ऑक्ताव्हियो गेतिनो यांनी 'भट्ट्यांची घटका' ही चार तासांहून लांब फिल्म गुपचूप केली. १९६८ मध्ये ती तयार झाली. ती दाखवली जायची घरांत, कामगार संघटनांच्या खोल्यांत, दारं लावून. मधेमधे प्रोजेक्टर थांबवायचा आणि जमलेल्यांनी वाद घालायचा, अशी तिची रचनाच होती. नुसतं बघायला येणं हाही धोका होता, त्यामुळे जो आला तो प्रेक्षक उरलाच नाही, कटात सामील झाला. पुढच्या वर्षी या दोघांनी 'तिसऱ्या सिनेमा'चा जाहीरनामा लिहिला. पहिला सिनेमा हॉलिवूडचा, दुसरा कलावंत दिग्दर्शकाचा, आणि तिसरा असा की तो संपल्यावर माणसं घरी न जाता बोलत बसतील. चार तासांची ती फिल्म आज एका बैठकीत बघणं जड जातं, हे कबूल करतो. ती एका बैठकीसाठी केलेलीच नाही.

आणि चिली. पात्रिसिओ गुझमान आणि त्याचे मोजके साथी, हाताशी एक कॅमेरा आणि एक ध्वनियंत्र. राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदेंच्या सरकारभोवती फास आवळत चालला होता आणि देशात कच्ची फिल्मही मिळत नव्हती. फ्रान्सहून क्रिस मार्कर या दिग्दर्शकाने ती पाठवली. मिळालेलं प्रत्येक रीळ मोजून वापरायचं, त्यामुळे आज काय टिपायचं यावर रोज सकाळी खल. ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने सत्ता बळकावली. गुझमानला पकडून इतर हजारोंबरोबर राष्ट्रीय स्टेडियममध्ये डांबलं. तो सुटला; रिळं स्वीडनच्या दूतावासाच्या मदतीने देशाबाहेर गेली, आणि संकलन क्युबात झालं. 'चिलीची लढाई' तीन भागांत १९७५ ते १९७९ दरम्यान आली. पण ज्याने ती टिपली तो होर्खे म्युल्यर सिल्वा देशात राहिला होता. १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला गुप्त पोलिसांनी उचललं. तो आजतागायत सापडलेला नाही.

या फिल्मच्या पहिल्या भागाच्या शेवटी एक दृश्य आहे, ते दुसऱ्याच कॅमेरामनचं. २९ जून १९७३ ला सान्तियागोत एक फसलेलं बंड झालं. लिओनार्दो हेन्रिकसेन हा अर्जेंटिनाचा कॅमेरामन रस्त्यावर चित्रण करत होता. एक सैनिक थेट त्याच्याकडे बघतो, नेम धरतो, गोळी झाडतो. चित्र हलतं, तिरपं होतं, संपतं. मी ते एकदाच पाहिलंय.

कित्येक वर्षं ही फिल्म जगभर फिरली, फक्त चिलीत नाही. १९९७ च्या फिल्ममध्ये गुझमान ती घेऊन परत येतो आणि चिलीतल्या तरुण विद्यार्थ्यांना दाखवतो. दिवे लागतात तेव्हा काही पोरं हमसून रडत असतात. आपल्याच शहराचे रस्ते, आपल्याच आईवडिलांच्या वयाची माणसं, आणि हे कुणी सांगितलंच नव्हतं. चिलीच्या सर्वांसाठी खुल्या टीव्हीवर ती दिसायला २०२१ उजाडावं लागलं.

रिळंच उरली नसतील तर? कंबोडियात ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने १९७५ ते १९७९ मध्ये जे केलं त्याचं चित्रण म्हणजे त्यांनीच काढलेल्या प्रचारफिती. रिथी पान्हने त्या काळात, लहानपणी, घरची माणसं गमावली. २०१३ च्या फिल्ममध्ये त्याने ते दिवस मातीच्या बाहुल्यांनी मांडले. बाहुल्या हलतसुद्धा नाहीत. याला कुणी खोटं म्हणत नाही, कारण हे चित्र हरवलेलं आहे हे तो आधीच सांगतो. फ्लाहर्टीने बंदूक लपवली, पान्हने काहीच लपवलं नाही.

इंडोनेशियात याच्या उलट झालं. १९६५-६६ मध्ये तिथे कम्युनिस्ट ठरवून पाच ते दहा लाख माणसं मारली गेली, असा अंदाज आहे. मारणारे मोकळे फिरत होते आणि वाचलेल्यांना बोलायची चोरी होती. दिग्दर्शक जोशुआ ओपनहायमरला वाचलेल्यांनीच सुचवलं, मारणाऱ्यांना भेटा, ते बोलतील. ते बोलले, फुशारकीने, आणि आपल्या आवडत्या सिनेमांच्या ढंगात आपलीच कृत्यं वठवून दाखवली. २०१२ ची ही फिल्म बघवत नाही आणि सोडवतही नाही. शेवटी श्रेयनामावली सुरू होते आणि नावांच्या जागी ओळीमागून ओळ एकच शब्द येतो: अनामिक, अनामिक, अनामिक. ते सगळे तिथले स्थानिक सहकारी. माझ्या मते फिल्ममधलं सगळ्यात मोठं विधान ते आहे.

हिशेब

श्रेयनामावलीवरून पैशाची आठवण झाली. न्यूयॉर्कमधल्या गरीब कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी व पारलिंगी लोकांच्या नृत्य-स्पर्धांवर जेनी लिव्हिंग्स्टनने १९९० मध्ये 'पॅरिस इज बर्निंग' केली. फिल्म चांगलीच चालली. मग पडद्यावरच्यांनी विचारलं, आमचं काय? शेवटी तेरा जणांत मिळून सुमारे ५५,००० डॉलर वाटले गेले. पत्रकाराने मुलाखतीचे पैसे द्यायचे नसतात, हा एक नियम. आणि दुसऱ्याच्या आयुष्यावर तिकीट लावलं तर त्यात त्याचा वाटा हवा, हा दुसरा. दोन्ही पटतात, ही पंचाईत आहे. गंमत म्हणजे, त्या समाजाच्या पुढच्या पिढ्यांनी आपल्या पूर्वजांना पाहिलं ते याच फिल्ममध्ये.

आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या 'बॉम्बे अवर सिटी'मध्ये झोपडी तुटलेली एक बाई कॅमेऱ्यालाच झापते: तुम्ही फोटो काढणार, नाव कमावणार, आम्हाला काय मिळणार? पटवर्धनांनी तो तुकडा कापला नाही. तो कापला असता तर कुणाला कळलंही नसतं. मेंढ्यांचा प्रश्न तिला कुणी शिकवला नव्हता.

असे माहितीपट बघताना मी आता काही गोष्टींकडे हटकून लक्ष देतो. मोर्चात कॅमेरा पोलिसांच्या पाठीमागून बघतोय की लोकांच्या? बोलणाऱ्या माणसाचं नाव खाली येतं, की नुसतं 'स्थानिक महिला'? तज्ज्ञ कोण, साक्षीदार कोण? गोष्ट कुठल्या सालापासून मोजायला सुरू केली? संगीत मला रडायला सांगतंय का, आणि ते बंद केलं तर दृश्य उभं राहील का? कॅमेरा आपल्याच माणसाच्या हातात आहे म्हणून सगळं खरं, असं मात्र मी मानत नाही. आतला माणूसही आपल्या घरातली भांडणं झाकतो. आणि प्रत्येक समाजाला एक आत असतं, त्याच्याही आत आणखी कुणी असतं. फक्त त्याने झाकलं तर शेजारी त्याला जाब विचारू शकतो. फ्लाहर्टीला जाब विचारायला इनुकजुआकचं कोण न्यूयॉर्कला जाणार होतं?

इनुइट लोक न्यूयॉर्कला गेले नाहीत. त्यांनी दुसरंच केलं. इग्लूलिक हे कॅनडाच्या उत्तरेतलं इनुइट गाव. १९७५ आणि १९७९ असं दोनदा मतदान घेऊन गावाने टीव्ही नाकारला, कारण त्यावर त्यांची इनुक्टिटुट भाषा नव्हती. या गावातला झकारियास कुनुक पुढे दिग्दर्शक झाला. १९९० मध्ये त्याने साथीदारांबरोबर स्वतःची निर्मितीसंस्था काढली आणि 'नुनावुत' ही तेरा भागांची मालिका केली. विषय होता १९४५ सालचं इनुइट जगणं. म्हणजे जुने कपडे, जुनी अवजारं, बर्फाची घरं, सगळं नव्याने उभं केलेलं, गावातल्याच लोकांनी वठवलेलं. फ्लाहर्टीने केलं तेच! फक्त घर कसं बांधायचं हे गावातले म्हातारे सांगत होते, पात्रं आपल्या भाषेत बोलत होती, आणि बघणारे आधी गावातलेच होते.

कुनुकचा पहिला कॅमेरा मात्र १९८१ मधला. स्वतः कोरलेल्या दगडी मूर्ती घेऊन तो माँट्रिआलला गेला, त्या विकल्या आणि व्हिडिओ कॅमेरा घेऊन परतला. गावात तेव्हा टीव्ही आलेला नव्हता. घरी तो आपण काढलेल्या टेप लावून बघत बसायचा. बघता बघता एकदा त्याचं लक्ष बाहेर गेलं. खिडकीपाशी गावची पोरं गोळा झाली होती आणि आत पडद्याकडे बघत उभी होती.